ड्रोनच्या नियमांचा धाक कोणाला बसतो?

प्रश्न नागभीड तालुक्यातल्या एका पोलीस पाटील ताईंचा आहे. गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, एका पोराने ड्रोन इतका खाली आणला की धावती जोडी बिथरली आणि दोरीपलीकडच्या गर्दीत शिरता शिरता राहिली. जोडी हाकणारा धुरकरी तयारीचा होता म्हणून निभावलं. पोरगा गर्दीत पसार झाला. आता ग्रामसभेत 'ड्रोनला गावबंदी करा' असा आवाज उठलाय. ताई विचारतात: हौशी ड्रोनसाठी सरकारचे नियम आहेत म्हणतात, मग हे पोट्टे ऐकत का नाहीत? नियम आणखी कडक केले तर ऐकतील का?

ताई, मी फवारणीचे ड्रोन चालवतो, शेतमोजणीची कामं घेतो, बोलावलं तर वनविभागासोबत वाघ शोधायलाही जातो आणि हौशी पोरांना उडवायला शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो. नियमाचा धाक बसतो, पण ज्याला तो नियम माहीत आहे आणि आपण सापडू असं ज्याला वाटतं, त्यालाच. आपल्याकडे बेजबाबदारपणे उडवणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून दंड एक लाखाचा दहा लाख केला तरी तुमच्या पटात फरक पडणार नाही. नियम आहे हे पोराला कळलं आणि विचारणारं माणूस समोर उभं राहिलं, तर मात्र पडतो.

आधी नियम काय आहेत ते आटोपतो. देशात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत, ऑगस्ट २०२१मध्ये आलेले. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो, मग लहान, मध्यम, मोठा. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर देशाचं आकाश हिरवं, पिवळं आणि लाल असं वाटलेलं आहे. हिरव्यात ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळं, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यायची. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि मायक्रो नुसत्या हौसेसाठी उडवायचा असेल तर त्यालाही लागत नाही. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड.

आता हे नियम वावरात कसे उतरतात ते बघा. धान कापणीचे दिवस होते. सिंदेवाहीकडे एका नाल्याच्या काठाला वाघ बसला होता. एका अंगाला धानाच्या बांध्या, पुंजणे रचायचं काम चालू, बायका-माणसं तिथेच. दुसऱ्या अंगाला जंगल. अशा वेळी वनरक्षक आणि त्यांचे मदतनीस एकच गोष्ट सांभाळतात: माणसं एका बाजूला थोपवायची आणि वाघाला जंगलाकडची वाट मोकळी ठेवायची. आमचा ड्रोन उंच होता, वाघाच्या डोक्यावरून बाजूला, नुसता त्याच्यावर नजर ठेवून. तेवढ्यात जंगलाच्या बाजूच्या धुऱ्यावरून दुसरा ड्रोन उठला. लहानसा, तळहातावर मावेल असा. तो सरळ झुडपावर आला आणि खाली उतरत गेला. माझ्या पडद्यावर दिसत होतं: वाघाने आधी कान मागे पाडले, मग मान वर केली, मग उठला. आणि ज्या बाजूने आवाज येत होता त्याच्या उलट दिशेने, म्हणजे बांध्यांकडे, चार पावलं टाकली. वनरक्षकाने आरडाओरड करून त्या पोराला ड्रोन मागे घ्यायला लावला म्हणून पुढचं टळलं. वाघ थांबला, अंधार पडेपर्यंत तिथेच बसला आणि रात्री निघून गेला.

त्या पोराने मोडलं काय? जागा अभयारण्यात नव्हती, शेतजमीन होती, नकाशावर हिरवी. ब्रह्मपुरी वनविभागातले कितीतरी वाघ असेच ताडोब्याच्या हद्दीबाहेर, गावांच्या आणि वावरांच्या मधे राहतात. ड्रोनचं वजन २५० ग्रॅमच्या आत, म्हणून प्रमाणपत्राचा प्रश्न नाही. उंची मर्यादेच्या खालीच. ड्रोन त्याच्या नजरेसमोर. कोणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं उडवू नये, हे एक कलम तेवढं त्याने मोडलं होतं. ते त्याने कधी वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तरी वाघाच्या चार पावलांचा त्या कलमाशी काय संबंध हे त्याच्या डोक्यात आलं नसतं. तो बदमाश नव्हता. त्याला वाघाचा व्हिडीओ पाहिजे होता.

माझं सगळं म्हणणं या प्रसंगात आहे. आपले नियम मुख्यतः जागा, उंची आणि वजन मोजतात. गावातला धोका मात्र बहुतेक वेळा हिरव्या पट्ट्यात, कमी उंचीवर, हलक्या ड्रोनने होतो. पटातली जोडी, वडाला नाहीतर पाण्याच्या टाकीला लटकलेलं आग्या मोहोळ, पऱ्हाटीत वाकून वेचणी करणाऱ्या बाया, न्हाणीघराला छत नसलेली घरं, वावरातून गेलेली अकरा केव्हीची लाइन. यातलं काहीही नकाशावर दिसत नाही. मोहोळाजवळ पंख्यांचा आवाज आणि वारा गेला की माश्या उठतात, आणि उठल्यावर त्या ड्रोनवाल्याला शोधत बसत नाहीत, खाली जो असेल त्याला धरतात. हे पोराला कोणी आधी सांगितलं तर तो सहसा ऐकतो. मी शिकवतो ती पोरं ऐकतात.

उंचीचा नियम का आहे, हेही पोरांना कोणी सांगत नाही. 'आपल्याकडे कुठं विमानं येतात' असं ती सरळ म्हणतात. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, अमरावतीजवळ बेलोऱ्याला एप्रिल २०२५पासून प्रवासी विमान येतं, गडचिरोलीत पोलिसांची हेलिकॉप्टर उडतात आणि निवडणुकीत मतदान पथकंही हेलिकॉप्टरने नेली जातात. आणि हेलिकॉप्टर उतरायला लागलं की ते १२० मीटरच्या खालीच येतं. तेव्हा 'मी मर्यादेत होतो' हे उत्तर कामाचं नाही. नियमच सांगतो की माणसं असलेल्या विमानाला ड्रोनने आधी वाट द्यायची.

नियम कडक केल्याने काय होतं याची दोन परदेशी उदाहरणं सांगतो, कारण ती माझ्या म्हणण्याला दोन बाजूंनी तपासतात. लंडनच्या गॅटविक विमानतळावर डिसेंबर २०१८मध्ये ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळे सुमारे हजार उड्डाणांवर परिणाम झाला, एक लाख चाळीस हजारांच्या आसपास प्रवासी अडकले. विमानतळाभोवती ड्रोनबंदी त्याच वर्षी कायद्याने आणली होती. तरी ते घडलं, आणि त्यासाठी आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही. दुसरं कॅलिफोर्नियातलं. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखावर एक हौशी ड्रोन आदळला, पंखाला भोक पडलं, विमान जमिनीवर ठेवावं लागलं. उडवणाऱ्याने पार्किंगच्या इमारतीवरून ड्रोन सोडला होता आणि तो अडीच किलोमीटरच्या पलीकडे, नजरेआड गेला होता. तपास यंत्रणेने सापडलेल्या तुकड्यांवरून त्याचा माग काढला आणि त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पहिल्या प्रकरणात कायदा होता, माणूस सापडला नाही. दुसऱ्यात माणूस सापडला. पुढचा हौशी उडवणारा वणव्याजवळ ड्रोन नेताना कोणती गोष्ट आठवेल हे उघड आहे.

काही जण म्हणतात, यंत्रच असं करा की बंदीच्या जागी उडणारच नाही. आपल्या नियमांत तशी सोय ठेवली आहे: परवानगीशिवाय मोटर सुरू न होणं, ठावठिकाणा सांगणारा बीकन, नकाशाचं कुंपण. सरकार अधिसूचना काढून, तयारीला किमान सहा महिने देऊन, हे बंधनकारक करू शकतं. पण एका मोठ्या चिनी कंपनीने जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत स्वतःच्या ड्रोनमधलं हे कुंपण काढून त्या जागी फक्त इशारा ठेवला. कुंपण कंपनीच्या मर्जीवर असेल तर त्याचा भरवसा धरता येत नाही. आणि वाघाच्या डोक्यावर कुठलंच कुंपण नसतं.

आता कडकपणाची एक वाईट बाजू, जी मला रोज दिसते. फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्राने तयार परदेशी ड्रोनची आयात बंद केली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांनाच सूट. देशी उद्योग वाढावा हा हेतू चांगला आहे. पण लग्नाच्या शूटिंगसाठी पोरांना हवा असतो तो बहुतेक परदेशी बनावटीचाच ड्रोन, आणि तो कोणाच्या तरी बॅगेतून, बिनबिलाचा येतो. बिल नाही म्हणून मालक नोंदणीच्या वाटेला जात नाही. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. आणि हे सगळं त्याला आतून माहीत असतं, म्हणून ड्रोन कोणाच्या अंगावर पडला तर तो पुढे येत नाही, पळतो. तुमच्या पटातला पोरगा पळाला त्यामागे हेच असण्याची शक्यता मोठी आहे. नियम पाळायची वाट बंद असली की माणूस नियमच सोडून देतो. वास्तविक अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत कळवायचं असा नियम आहे. ज्याचा ड्रोनच कागदावर नाही तो कसा कळवणार?

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी ठेवला. त्यात कैदेच्या शिक्षेची तरतूद सुचवलेली आहे. मुद्दाम घातपात करणाऱ्याला कैद व्हावी, याला माझा विरोध नाही. पण नोंदणी राहिली म्हणून एकोणीस वर्षांच्या पोराला कैदेची भीती घातली तर तो नोंदणीला येईल हे मला पटत नाही. तो रात्री उडवेल, दिवे बंद करून. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात बीड-जालन्याकडे रात्रीच्या ड्रोनच्या घिरट्यांवरून गावंच्या गावं जागी राहत होती, ते तुम्ही ऐकलं असेल. रात्री लपून उडणारा एक खरा ड्रोन अशा दहा अफवांना जन्म देतो, आणि मग जमाव कोणाला धरेल याचा नेम नाही.

लग्नवाल्यांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण गावात आपण ज्याला हौशी म्हणतो त्यातले बरेच हौशी नसतात. मामाच्या लग्नात हौस म्हणून उडवलं, पुढच्या मोसमात पैसे घेतले, की तो धंदा झाला. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं: वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. एकदा मिळालं की दहा वर्षं चालतं. पोरं यातून वाट काढतात ती २४९ ग्रॅमचा ड्रोन घेऊन, आणि मग त्यालाच मोठी बॅटरी किंवा पंख्यांचं संरक्षक कडं लावतात. वजन २५०च्या पुढे गेलं की तो नॅनो राहत नाही, हे त्यांना माहीत नसतं. चिमूरकडच्या एका फोटोग्राफरला मी किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचा ड्रोन ठेवून दाखवला तेव्हा तो गप्प झाला. या लोकांवर धाक लवकर बसतो, कारण त्यांचं दुकान आहे, पाटी आहे, मोबाइल नंबर पत्रिकेवर छापलेला आहे. मंगल कार्यालयाच्या मालकाने 'प्रमाणपत्र दाखवा, मगच ड्रोन' एवढं म्हटलं तरी काम होतं. त्यासाठी दिल्लीहून काही यायची गरज नाही.

कायद्यात मला बदल हवा आहे तो शिक्षेत नाही, शिकवण्यात. अमेरिकेत हौशी उडवणाऱ्यालाही एक फुकट ऑनलाइन चाचणी द्यावी लागते आणि तिचा दाखला जवळ ठेवावा लागतो. ब्रिटनमध्येही अशी फुकट चाचणी आहे. आपल्याकडे दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवणाऱ्याला कोणी एक प्रश्नही विचारत नाही. ही फट मोठी आहे. नोंदणीची फी अवघी शंभर रुपये आहे, त्यासोबत मराठीत वीस प्रश्न ठेवा. बैलांवरून का न्यायचा नाही, मोहोळ दिसलं तर काय करायचं, बॅटरी किती उरली की परत फिरायचं, डीपीजवळ कंपास का बिघडतो, वाघ-अस्वल दिसलं तर ड्रोन खाली का घालायचा. ड्रोन विकणाऱ्याने ही चाचणी दिल्याशिवाय खोकं हातात द्यायचं नाही. आणि ज्यांनी आधीच बिनबिलाचे घेतलेत त्यांना एक ठरावीक मुदत देऊन नोंदणीत येऊ द्या. नोंदणीत आलेला माणूस पळत नाही.

मुद्दाम लोकांच्या घरात डोकावणारा, बायांचे व्हिडीओ काढणारा, शत्रुत्वातून उडवणारा यांना चाचणीने फरक पडणार नाही, हे कबूल. त्यांच्यासाठी ड्रोन नियमांची वाट बघू नका. चोरून चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास कलम १२५ आहे. तक्रार घेताना ठाण्यातला माणूस 'ड्रोनचं आम्हाला काही कळत नाही' म्हणाला तर त्याला ही कलमं दाखवा. ड्रोन हे तिथे नुसतं साधन आहे.

गावबंदीच्या ठरावाला माझा विरोध आहे आणि तो पोटतिडकीने आहे. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पिकात शिरणं किती जोखमीचं आहे हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरून जातो, माणूस धुऱ्यावर उभा राहतो. केंद्राची नमो ड्रोन दीदी योजना बचतगटांच्या बायांसाठी आहे, ८० टक्के अनुदान, आठ लाखांपर्यंत. उद्या तुमच्याच गावच्या गटाला असा ड्रोन मिळाला आणि गावाचाच ठराव आडवा आला तर? शिवाय आकाशावर ग्रामसभेचा अधिकार चालत नाही, तो विषय केंद्राचा. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या जमिनीवर मात्र चालतो: गावठाण, शाळेचं मैदान, पटाची जागा. ठराव करायचाच तर तिथून विचारल्याशिवाय ड्रोन उडवायचा नाही असा करा.

आता पुढच्या पटाचं. नियमांप्रमाणे पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करू शकतो, आणि तो डिजिटल स्कायवर दिसतो. पट ठरला की ठाण्यामार्फत तसा अर्ज वेळेवर द्या. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघाला तर तो मोडणाऱ्यावर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होते. आदेश निघाला की लाउडस्पीकरवरून सांगा, आदल्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. व्हिडीओ हवाच असेल तर समितीने एकाच प्रमाणपत्रधारकाला बोलवावं. परवानगीत त्याचं नाव लिहावं, उडायची जागा दोरीने आखून द्यावी, आणि जोडी धावत असताना ड्रोन पट्टीच्या बाजूलाच राहील, वर येणार नाही, हे आधी ठरवून घ्यावं.

तरी कोणी उडवलाच, तर ड्रोनच्या मागे धावू नका आणि पोरांना दगड मारू देऊ नका, तो गर्दीतच पडेल. हौशी ड्रोनची बॅटरी चांगली असली तरी अर्ध्या तासाच्या आसपास चालते. ती उतरू लागली की बहुतेक ड्रोन आपणहून, जिथून उडाला तिथेच परत जातो. चार माणसं चार दिशांना उभी करा, तो कुठे उतरतो ते बघा. उडवणारा तिथेच असतो, हातात रिमोट धरून, मान वर करून. सापडला की ड्रोन, रिमोट, मोबाइल आणि मेमरी कार्ड एकत्र ठेवा, काही पुसू देऊ नका. उड्डाणाची नोंद बहुधा मोबाइलमध्ये असते, पंचनाम्यात ती लागते. पडून बॅटरी चेपली किंवा फुगली असेल तर ती खिशात, गाडीत, धानाच्या ढिगाजवळ ठेवू नका. ती बऱ्याच वेळाने पेट घेऊ शकते. उघड्या मातीवर, घरांपासून दूर ठेवा आणि एक माणूस लक्ष ठेवायला बसवा.

आणि त्या पोराला ठाण्यात नेण्याआधी त्याच्या आईवडिलांना बोलवा. ड्रोन कुठून घेतला हे त्याच्याकडून नीट विचारून घ्या. तोच विकणारा तुमच्या शेजारच्या गावातही गिऱ्हाईक शोधत असणार.